शार्दोनेचे अनोळखी भावंड

फ्रान्समध्ये लुआर नदीच्या दक्षिणेला, ब्लुआ शहराजवळ कूर-शव्हेर्नी नावाचे गाव आहे. तिथल्या एका मळेवाल्याने आमच्यापुढे दोन पेले ठेवले. दोन्हींत पांढरी वाइन. म्हणायला पांढरी, खरे तर एक फिकट पिवळी आणि दुसरी सोनेरी. द्राक्षाची जात एकच, रोमोरांतँ. पहिली वाइन दोन वर्षांची, दुसरी दहा वर्षांची. या जातीचे नाव आम्ही तोवर ऐकलेही नव्हते. ऐकणार तरी कुठून? ती मुख्यतः याच परिसरात उरली आहे आणि तिची लागवड शंभर हेक्टरांहूनही कमी आहे.

पहिला घोट घेतला आणि दात आंबले. अर्धकच्चा द्राक्षाचा मणी चावल्यावर आंबतात तसे. दुसऱ्या पेल्यातही आंबटपणा होताच, पण त्याच्या मागोमाग मधाचा आणि मेणाचा वास आला. मध तर कुणी घातला नव्हता. मग वास आला कुठून?

आंबट का, मधाळ का?

द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात : टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक आम्ल फार थोड्या फळांत भरपूर सापडते. आपली चिंच त्यांपैकी एक. मॅलिक आम्ल सफरचंदातही असते. द्राक्ष पिकू लागले की त्यात साखर साठते आणि मॅलिक आम्ल श्वसनात खर्च होऊ लागते. हवा जितकी उष्ण, तितका हा खर्च जास्त. लुआरच्या काठी हवा थंड, त्यातून ही जात उशिरा पिकणारी. म्हणून फळात आम्ल बरेच उरते. पुढे यीस्ट रसातल्या साखरेचे अल्कोहोल करते, पण आंबटपणा बराचसा तसाच राहतो.

बाटली बंद केल्यावरही आत आम्ले, अल्कोहोल आणि इतर पदार्थ यांच्यात संथपणे रासायनिक क्रिया चालू असतात. त्यांतून नवे सुवासिक पदार्थ तयार होतात. मध नसताना मध जाणवतो तो त्यांच्यामुळे. शिवाय जिभेला गोड, आंबट अशा थोड्याच चवी कळतात. बाकीची ‘चव’ घशामागून नाकात जाणाऱ्या वासाची असते.

राजाची गोष्ट आणि डीएनएची साक्ष

मळेवाल्याने आम्हाला एक गोष्ट सांगितली. राजा पहिला फ्रान्स्वा याने १५१९च्या सुमारास बर्गंडीहून ऐंशी हजार वेली आणवल्या आणि जवळच्या रोमोरांतँ गावी लावल्या. त्यावरून हे नाव पडले. गोष्ट छान आहे, पण खरी कशावरून?

याचे अर्धे उत्तर १९९९ मध्ये मिळाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील कॅरल मेरेडिथ आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी तीनशेहून अधिक जातींचा डीएनए तपासला. डीएनएमध्ये काही ठिकाणी ठरावीक अक्षरांची छोटी जुळणी पुन्हापुन्हा येते. किती वेळा येते, ते जातीजातीत वेगळे असते. अशा प्रत्येक ठिकाणी अपत्याकडे दोन आकडे असतात : एक आईचा, एक वडिलांचा. समजा आईकडे ८ आणि १२ आहेत, वडिलांकडे १० आणि १५. मग अपत्याकडे ८-१० किंवा १२-१५ असू शकेल, ८-१२ नाही. अशी ३२ ठिकाणे ताडून पाहिल्यावर ईशान्य फ्रान्समधल्या सोळा जाती एकाच जोडप्याची संतती आहेत असे दिसले. ते जोडपे म्हणजे पिनो आणि गुए ब्लां. सोळा भावंडांत जगप्रसिद्ध शार्दोने होती आणि आमची रोमोरांतँही!

म्हणजे वेल बर्गंडीच्या बाजूची असणे सहज शक्य आहे. ती राजानेच आणली, हे मात्र डीएनए सांगू शकत नाही. पुरावा कुठवर जातो आणि गोष्ट कुठून सुरू होते, ती रेघ ओळखता यायला हवी. आणखी एक गंमत म्हणजे गुए ब्लां ही हलकी मानली गेलेली, पुढे लागवडीतून जवळजवळ हद्दपार झालेली जात. शार्दोने जन्मली ती अशा पालकाच्या पोटी.

एक जात गेली तर?

द्राक्षाची बी पेरली तर आईसारखी वेल येत नाही. प्रत्येक बी म्हणजे नवी जात. जात टिकवायची तर काडीच लावावी लागते. आपल्याकडची थॉमसन सीडलेसही काडीवरच वाढते आणि तिच्यातूनच निवडलेल्या सोनाका व तास-ए-गणेश यासुद्धा. म्हणून लोकांनी काड्या लावणे थांबवले की जात संपली. तीच जात बीपासून पुन्हा मिळत नाही.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा या किडीने फ्रान्समधल्या वेलींची मुळे खाल्ली. उपाय म्हणून अमेरिकी वेलींच्या मुळांवर कलमे केली गेली. पण वाळूत या किडीला नीट फिरता येत नाही. त्यामुळे या भागातल्या एका वाळूच्या शेतात रोमोरांतँच्या काही वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. त्या १८५०च्या सुमाराच्या मानल्या जातात.

वर्गात करून पाहा

वाइनची गरज नाही. मुलांना डोळे मिटून, नाक घट्ट धरून बडीशेप चावायला सांगा. काय खाल्ले ते ओळखा म्हणावे. मग नाक सोडायला सांगा. त्या क्षणी वर्गात जो गलका होईल, त्यातूनच धडा सुरू करा.