धूर दिसण्यापूर्वी : उपग्रहाची नोंद आणि भाताच्या पेंढ्याचे व्यवस्थापन

पंजाब व हरियाणात ऑक्टोबरच्या उत्तरार्धात भाताची कापणी वेग घेते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गव्हाची पेरणी व्हावी लागते. मध्ये उरतात जेमतेम पंधरा ते वीस दिवस. कंबाईन हार्वेस्टर शेतातून गेल्यावर मागे उभी धसकटे आणि सैल पेंढ्याच्या ओळी राहतात. भाताच्या पेंढ्यात सिलिकाचे प्रमाण जास्त असल्याने तेथील पशुपालक चाऱ्यासाठी गव्हाच्या भुशालाच पसंती देतात. अशा वेळी काडी ओढणे हा सर्वांत स्वस्त आणि झटपट मार्ग ठरतो. शेत काही मिनिटांत मोकळे होते. त्याची किंमत मात्र जमिनीला आणि त्या परिसरातील माणसांच्या फुफ्फुसांना मोजावी लागते.

ही घाई पूर्वीपासून इतकी तीव्र नव्हती. भूजल वाचवण्यासाठी दोन्ही राज्यांनी २००९ मध्ये कायदा करून भाताची लवकर लावणी करण्यास मनाई केली. उन्हाळ्यातील बाष्पीभवन टळावे व उपसा कमी व्हावा, हा त्यामागचा योग्य हेतू होता. परंतु लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली आणि गव्हापूर्वीचे दिवस आणखी कमी झाले. पाण्याचा प्रश्न सोडवताना हवेचा प्रश्न अधिक कठीण झाला. म्हणूनच या विषयात वेळ हा घटक सर्वांत महत्त्वाचा आहे.

जळते ते काय?

एक टन भाताच्या पेंढ्यात साधारणपणे ५.५ किलो नत्र, २.३ किलो स्फुरद, २५ किलो पालाश, १.२ किलो गंधक आणि सुमारे ४०० किलो कर्ब असतो. आग लावल्यावर जवळजवळ सर्व कर्ब आणि नत्र व गंधकाचा मोठा भाग हवेत निघून जातो. वरच्या थरातील सूक्ष्मजीवांनाही उष्णतेची झळ पोहोचते. जो कर्ब जमिनीत वाढावा म्हणून शेणखत व हिरवळीच्या खतांचा आग्रह धरला जातो, तोच येथे धूर होऊन जातो.

उपग्रह आग कशी ओळखतो?

नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील ‘क्रीम्स’ प्रयोगशाळा दरवर्षी १५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर या काळात पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, दिल्ली, राजस्थान आणि मध्य प्रदेशातील पीक अवशेषांच्या आगींची दैनंदिन नोंद प्रसिद्ध करते. उपग्रहावरील संवेदक सुमारे ४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण टिपतात. पेटलेली जागा या तरंगलांबीत आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ठळकपणे उजळ दिसते. प्रतिमेतील प्रत्येक चौकटीची शेजारच्या चौकटींशी तुलना करून संगणक आगीची जागा निश्चित करतो.

क्रीम्सच्या नोंदींनुसार पंजाबमध्ये २०२० च्या हंगामात अशा ८३,००२ घटना आढळल्या होत्या. २०२२ मध्ये त्या ४९,९२२, २०२३ मध्ये ३६,६६३ आणि २०२४ मध्ये १०,९०९ झाल्या. चार वर्षांत ही घट सुमारे ८७ टक्के भरते. ती उत्साहवर्धक आहे; तरीही विस्तार कार्यकर्त्याने हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे.

पहिली मर्यादा वेळेची. आगी टिपणारे प्रमुख ध्रुवीय उपग्रह एखाद्या ठिकाणावरून ठरावीक वेळीच जातात. त्यांपैकी महत्त्वाची फेरी दुपारी दीडच्या सुमारास असते. चार वाजता पेटलेले आणि सहा वाजेपर्यंत विझलेले शेत त्या फेरीत दिसत नाही. भूस्थिर उपग्रह दिवसभर एकाच प्रदेशावर नजर ठेवतात. पण त्यांची चौकट मोठी असते. ‘इन्सॅट-३डीआर’ची औष्णिक चौकट सुमारे ४ किलोमीटरची असल्याने लहान शेतातील आग तिच्यात सहज हरवते.

दुसरी मर्यादा क्षेत्राची. व्हिर्स या संवेदकाची चौकट ३७५ मीटर लांबीरुंदीची, म्हणजे सुमारे १४ हेक्टर असते. तिच्यातील एक नोंद एका शेताची असू शकते, तशीच शेजारच्या चार शेतांचीही. तिसरी मर्यादा ढगांची व दाट धुराची, कारण त्यांच्याआड आग लपू शकते.

त्यामुळे घटनांची संख्या घटली म्हणून जळालेले क्षेत्रही त्याच प्रमाणात घटले, असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. त्यासाठी जळालेल्या क्षेत्राचे स्वतंत्र मापन हवे. सेंटिनेल-२ उपग्रहांच्या १० ते २० मीटर तपशिलाच्या प्रतिमांतून काळवंडलेले शेत आग विझल्यानंतरही ओळखता येते. दोन्ही मापे एकत्र वाचली आणि गावात जाऊन पडताळली, तरच चित्र पूर्ण होते.

यंत्राचे काम

पेंढा न जाळता गहू पेरण्याची साधने आज उपलब्ध आहेत. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने ऑस्ट्रेलियातील अभियंत्यांच्या सहकार्याने विकसित केलेले ‘हॅपी सीडर’ फणापुढील पेंढा कापते, बाजूला करते, बी व खत जमिनीत पेरते आणि पेंढा आच्छादन म्हणून मागे टाकते. हे आच्छादन ओल टिकवते व तणांना दाबते. मात्र कंबाईनने पेंढा ओळीत टाकला असेल, तर यंत्र अडते. म्हणून कंबाईनला पेंढा बारीक करून समान पसरवणारे ‘सुपर एसएमएस’ हे उपकरण जोडणे आवश्यक ठरते. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील अभ्यासाने हॅपी सीडरवर आधारित पद्धती जाळण्याच्या पद्धतींपेक्षा सरासरी १० ते २० टक्के अधिक फायदेशीर असल्याचे दाखवले होते.

पुसा डीकंपोझर हे बुरशींचे मिश्रण पेंढा कुजवण्यास मदत करते. पण त्याला पुरेशी ओल आणि सुमारे तीन ते साडेतीन आठवडे लागतात. लवकर कापणी होणाऱ्या शेतात ते उपयोगी, तर नोव्हेंबरमध्ये कापलेल्या शेतात वेळेअभावी अपुरे ठरते. तेथे वाणाची निवड मदतीला येते. पुसा ४४ हा वाण बियाणे पेरल्यापासून सुमारे १५५ ते १६० दिवस घेतो. पीआर १२६ सुमारे १२३ दिवसांत तयार होतो. वाचलेला महिना पाणीही वाचवतो आणि पेंढ्याच्या व्यवस्थापनासाठी अवधीही देतो.

साधा हिशेब

केंद्र शासनाने २०१८-१९ पासून पीक अवशेष व्यवस्थापनाच्या यंत्रांसाठी वैयक्तिक शेतकऱ्यास ५० टक्के आणि सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक संस्था व अवजारे भाडे केंद्रांस ८० टक्के अर्थसाहाय्याची योजना आखली. यंत्रे गावोगाव पोहोचली. तरीही यंत्र गावात असणे आणि ते योग्य दिवशी शेतात असणे, यांत अंतर आहे.

उदाहरणादाखल एक गाव घेऊ. भाताचे क्षेत्र १,००० एकर, आणि एक पेरणीयंत्र दिवसाला ६ एकर काम करते. सर्व शेते एकाच आठवड्यात कापली गेली आणि त्याच आठवड्यात पेरायची झाली, तर २४ यंत्रे लागतील. तीच कापणी वाणांच्या व लावणीच्या तारखांनुसार वीस दिवसांत विभागली, तर ९ यंत्रे पुरतील. ज्या गावात नऊच यंत्रे आहेत आणि सर्वांची घाई एकाच आठवड्यात आहे, तेथे उरलेल्या शेतकऱ्याच्या हाती काडीच येते. हा हट्टीपणा नसून नियोजनाचा अभाव आहे.

संगणकाचा खरा उपयोग येथे होतो. मागील हंगामांतील आगींच्या नोंदी गावाच्या नकाशावर मांडल्या, तर कोणत्या शिवारात आणि कोणत्या आठवड्यात आगी लागतात हे कळते. चालू हंगामातील उपग्रह प्रतिमांवरून कोणते शिवार पिवळे पडले व कोठे कापणी झाली, याचा अंदाज येतो. केंद्रीय कृषी मंत्रालयाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या ‘सीएचसी फार्म मशिनरी’ या ॲपसारख्या सुविधांमधून जवळची यंत्रे शोधता येतात. हे तिन्ही एकत्र आणून सप्टेंबरमध्येच यंत्रांचे वेळापत्रक ठरवणे, हे काम मात्र ॲप करत नाही. ते गावातील माणसांनाच करावे लागते.

नोंदींचा वापर आजवर बहुधा दंडासाठी झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्यावरण भरपाईची रक्कम दुप्पट करण्यात आली. दोन एकरांपर्यंत ५,००० रुपये, दोन ते पाच एकरांसाठी १०,००० रुपये आणि पाच एकरांहून अधिक क्षेत्रासाठी ३०,००० रुपये, असे तिचे दर आहेत. दंडाची गरज नाकारता येत नाही. परंतु नोंद केवळ दंडाशी जोडली गेली, तर उपग्रहाची वेळ चुकवण्याचा मोह वाढतो. तीच नोंद यंत्र वेळेवर आणण्यासाठी वापरली, तर लपवण्याचे कारणच राहत नाही.

इतर राज्यांसाठी

हा प्रश्न आता दोन राज्यांपुरता उरलेला नाही. २०२४ च्या हंगामात मध्य प्रदेशातील नोंदी पंजाबपेक्षा अधिक होत्या. महाराष्ट्रात ऊसतोडीनंतर पाचट जाळण्याची प्रथा आहे. हेक्टरी ८ ते १० टन पाचट त्यात जाते. खोडव्यात पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवल्यास ओल व सेंद्रिय कर्ब दोन्ही टिकतात. येथेही तोडणीचे वेळापत्रक कारखान्याकडे आगाऊ असते. पाचट कुट्टी यंत्राचे वेळापत्रक त्याच्याशी जोडणे हे पंजाबच्या अनुभवातून घेण्यासारखे आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी तीन कामे हाती घ्यावीत : गावातील वाणांनुसार कापणीच्या संभाव्य तारखांची यादी करणे, उपलब्ध व चालू स्थितीतील यंत्रांची मोजदाद करणे, आणि दोहोंची सांगड घालून, अल्पभूधारकांना प्राधान्य देत, शेतनिहाय वेळापत्रक ग्रामसभेत मांडणे. उपग्रह आग लागल्यावर कळवतो. ती लागू नये यासाठीचे काम त्याच्या कितीतरी आधी, बांधावर सुरू व्हावे लागते.