‘डार्क स्टार’ : दरवेळी नवं गाणं

एप्रिल 1968 मध्ये ‘ग्रेटफुल डेड’ या कॅलिफोर्नियाच्या बँडची ‘डार्क स्टार’ ही तबकडी आली. गाणं जेमतेम पावणेतीन मिनिटांचं, विक्री यथातथाच.

पण मंचावर त्याला पंख फुटले. 27 फेब्रुवारी 1969 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘फिलमोर वेस्ट’मध्ये ते तब्बल तेवीस मिनिटं रंगलं. तेच ध्वनिमुद्रण ‘लाइव्ह/डेड’ अल्बममध्ये आहे. त्यात रॉबर्ट हंटरच्या ओळी येतात नि जातात. खरी मजा मधल्या मोकळ्या जागेत. जेरी गार्सियाची गिटार एक सूर धरून रेंगाळते, फिल लेशची बास साथ सोडून थेट उलट प्रश्न विचारू लागते, ताल विरतो आणि कुणीतरी मूळ धून छेडताच सगळे जागेवर येतात. आपल्याकडे रागाची बढत ऐकणाऱ्याला हे परकं वाटणार नाही.

1972 च्या युरोप दौऱ्यात रॉटरडॅमला ते पाऊण तासाच्या पुढे गेलं. 1974 नंतर मात्र दुर्मीळच झालं. म्हणूनच ऑक्टोबर 1989 मध्ये व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनला त्याची धून वाजली, तेव्हा श्रोत्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. पुढच्याच वर्षी ब्रॅनफर्ड मार्सालिसच्या सॅक्सोफोननं त्यात जॅझचा रंग भरला.

मार्च 1994 मध्ये अटलांटाला बँडनं ते शेवटचं वाजवलं.