दुधातलं पाणी कायद्याने कसं पकडलं

अपाय दाखवा, मग शिक्षा

गिरगावच्या चाळींत आणि परळ-लालबागच्या गिरणगावात रतीबवाला किटलीतून मापाने दूध घालायचा. गिऱ्हाइकाला माप दिसायचं, कस दिसायचा नाही. १८६० च्या दंड संहितेतली २७२ आणि २७३ ही कलमं भेसळीचीच होती. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मात्र भेसळीने पदार्थ अपायकारक झालेला असला पाहिजे, ही अट होती. नळाचं पाणी घातलं तर अपाय कोणता दाखवणार? वरच्या दुधावर वाढणारं तान्हं पोर अर्धपोटी राहतं, हा माझ्या मते सर्वांत मोठा अपाय, पण तो या कलमांत बसवणं कठीण होतं.

इंग्लंडने १८७५ साली प्रश्नच बदलला. गिऱ्हाइकाने मागितलं त्या प्रतीचं न देणं, हाच गुन्हा ठरवला. मुंबई इलाख्यानेही १९२५ साली भेसळ प्रतिबंधक कायदा केला.

लॅक्टोमीटरला चकवा

दुधाची घनता मोजणारा लॅक्टोमीटर पाणी घातलेल्या दुधात खोल बुडतो. पण आधी साय काढली तर दूध जड होतं, मग बेताने पाणी घातलं की आकडा पुन्हा जागेवर! म्हणून स्निग्धांश मोजावा लागतो. गर्बर पद्धतीत अरुंद मानेच्या काचनळीत दूध, गंधकाम्ल आणि अमाइल अल्कोहोल घालून ती यंत्रात गरगर फिरवतात. सुटलेली चरबी मानेत जमते आणि तिथल्या खुणांवर टक्के वाचता येतात.

तीन बाटल्या

देशभरासाठीचा १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंध कायदा १ जून १९५५ ला लागू झाला. महाराष्ट्रात म्हशीच्या दुधाला ६ टक्के स्निग्धांश ठरला, गाईच्या दुधाला ३.५. कुठल्या जनावराचं हे सांगितलं नसेल तर म्हशीचंच मानक लागे. ‘गाईचं असेल, साहेब’ ही पळवाट नियमानेच बुजवली.

अन्न निरीक्षक पैसे मोजून दूध घेई, तीन बाटल्यांत भरी. नासू नये म्हणून दर २५ मिलिलिटरला दोन थेंब फॉर्मॅलिन, वर मोहोर. मूळ पद्धतीत एक बाटली विक्रेत्याला, एक सरकारी विश्लेषकाला, तिसरी निरीक्षकाकडे. वाद झालाच तर कोर्टामार्फत केंद्रीय प्रयोगशाळेत फेरतपासणी होई. १९६४ च्या दुरुस्तीने किमान सहा महिन्यांची कैद आली.

आज काय

५ ऑगस्ट २०११ पासून २००६ चा अन्न सुरक्षा कायदा लागू आहे. निव्वळ कमी प्रतीच्या दुधाला आता कैद नाही, पाच लाखांपर्यंत दंड आहे. असुरक्षित अन्नाला मात्र कैद आहेच. याच कायद्यातल्या कलम ४० चा उपयोग आपण फारच कमी करतो. विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगून, शुल्क भरून, कोणीही ग्राहक दूध अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. दोष सिद्ध झाला तर शुल्क परत मिळतं.