तलावातलं गवत

आज आपण बेंगळुरूच्या जक्कूर तलावावर आहोत. मार्च महिना, पाडवा जवळ आलाय, आणि सकाळी साडेसहालाच मी दुर्बीण घेऊन बांधावर उभा आहे.

आधी थोडं पाण्याबद्दल. बेंगळुरूला मोठी नदी नाही. इथले तलाव, कानडीत ‘केरे’, माणसांनी बांध घालून केलेले. एकाचं जादा पाणी खालच्यात उतरतं. जक्कूरचं राचेनहळ्ळीकडे जातं. पूर्वी त्यांत पावसाचं पाणी यायचं, आता शहराचं सांडपाणीही येतं. जक्कूरला ते शुद्ध करणारं केंद्र आहे, सुरुवातीला दिवसाला १ कोटी लिटर क्षमतेचं. तिथून निघालेलं पाणी आधी पाणकणसाच्या दलदलीतून जातं. मुळं आणि देठांवरचे जीवाणू त्यातले नायट्रेट, फॉस्फेट कमी करतात. ते तसेच तलावात गेले तर शेवाळ माजतं, कुजताना प्राणवायू संपवतं आणि मासे मरतात. मासे नाहीत तर पेलिकन कशाला येतील?

आता दुर्बीण फिरवा. खोल पाण्यात पेलिकन आणि पाणकावळे. गुडघाभर पाण्यात बगळे. काठच्या चिखलात शेकाट्या आणि तुतवार, त्यांना चोच बुडेल एवढंच पाणी लागतं. गवतात जांभळी पाणकोंबडी आणि जांभळा बगळा. त्यांची घरटीही तिथेच. म्हणजे कोणता पक्षी कुठे बसलाय त्यावरून पाण्याची खोली ओळखता येते.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या घराजवळच्या तलावाचं ‘सुशोभीकरण’ होणार होतं, तेव्हा ‘हे गवत काढा, डास होतात’ या अर्जावर मीही सही केली होती. गवत गेलं, काठ खणून सरळ उतरते केले, चालायला छान रस्ता झाला. पाणी आज भरपूर आहे. पण चिखलच उरला नाही, त्यामुळे तुतवार गेले, पाणकोंबड्याही गेल्या. तलावाची कढईच करून टाकली आम्ही!

गवत अजिबात कापू नये असं नाही हं. वेळोवेळी कापून बाहेर न्यावंच लागतं, नाहीतर कुजून शोषलेलं सगळं परत पाण्यात. फक्त एकदम नाही, तुकड्यातुकड्याने, आणि घरटी नसताना.

आज भुवई बदकं फक्त दोन दिसली. बाकीची उत्तरेकडे निघालेली दिसतात. आणि मागे तो कर्कश आवाज येतोय ना, ती पाणकोंबडी. ती कुठे जात नाही, वर्षभर इथेच असते.