बिल्ल्यावरची उलटी रायफल

मागे टाचणी आणि पुढे छापील चित्र असलेला गोल बिल्ला आपण निवडणुकीत पाहतो. अमेरिकेत असे बिल्ले जमवण्याचा मोठा छंद आहे. त्यातले व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे बिल्ले आज समजून घेऊ.

१९६७ साली न्यूयॉर्कमध्ये सहा माजी सैनिकांनी ‘व्हिएतनाम व्हेटरन्स अगेन्स्ट द वॉर’ ही संघटना काढली. जे युद्ध आम्ही लढून आलो तेच थांबवा, ही त्यांची मागणी. व्हिएतनाममधल्या अमेरिकी लष्करी मुख्यालयाचं, खांद्यावर लावायचं चिन्ह लाल-पिवळं होतं आणि त्यात उभी तलवार होती. यांनी रंग तेच ठेवले, तलवार काढली आणि तिथे उलटी रायफल व तिच्यावर हेल्मेट आणलं. याचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको. दिल्लीत इंडिया गेटखाली अमर जवान ज्योतीपाशी १९७२ पासून पन्नास वर्षं हीच खूण उभी होती. धारातीर्थी पडलेल्या साथीदाराची ती खूण.

२३ एप्रिल १९७१ रोजी वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या इमारतीसमोर शेकडो सैनिकांनी आपली पदकं कुंपणापलीकडे फेकली. पदक फेकताना त्यांच्या मनाचं काय झालं असेल, ते गणवेश घातलेल्यालाच कळेल. नोकरीत असताना आम्ही राजकारणापासून दूर राहतो, आणि ते योग्यच आहे. पण गणवेश उतरवल्यावर सैनिक नागरिक असतो. बोलायचा हक्क त्यालाही आहे.

आता संग्रहाविषयी. पत्र्याची चकती, तिच्यावर छापील कागद, वर पारदर्शक पापुद्रा आणि मागे सगळं घट्ट धरणारी कडी, अशी या बिल्ल्याची घडण. न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने १८९६ साली ही पद्धत रूढ केली. ओल शिरली की कागदावर तपकिरी डाग पडतात, पत्रा गंजतो. म्हणून कोरड्या जागी ठेवा.

नकलाही निघतात. १९७३ च्या अमेरिकी कायद्याने राजकीय बिल्ल्याच्या नकलेवर ती बनवल्याचं वर्ष कायमचं उमटवणं बंधनकारक केलं. तेव्हा बिल्ला उलटा करून कडेची बारीक अक्षरं आधी वाचा. संघटना आजही आहे, त्यामुळे चिन्ह दिसलं म्हणजे बिल्ला जुनाच, असं समजू नका.

आणि बिल्ल्यासोबत एका चिठ्ठीवर त्याचं साल आणि कहाणी लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या पिढीच्या हाती नुसता पत्रा उरेल. जय हिंद.