पृथ्वी जिथे वैर धरते: 'ब्रोकन अर्थ' वाचण्याआधी १३ भन्नाट गोष्टी

जादूची कादंबरी म्हटलं की छडी, ड्रॅगन आणि हरवलेला राजपुत्र डोळ्यांसमोर येतात. एन. के. जेमिसिन या अमेरिकी लेखिकेच्या 'ब्रोकन अर्थ' त्रयीत मात्र भेटतात ज्वालामुखी, दगडांचे थर, धान्याची कोठारं आणि संतापलेली एक आई. 'द फिफ्थ सीझन' (२०१५), 'द ओबेलिस्क गेट' (२०१६) आणि 'द स्टोन स्काय' (२०१७) ही ती तीन पुस्तकं. जादू, भूगर्भशास्त्र आणि समाज यांचा इतका घट्ट गोफ मी दुसऱ्या कुठल्याही कादंबरीत पाहिलेला नाही. निर्धास्त वाचा, मोठं रहस्य एकही फोडलेलं नाही!

१. सलग तीन ह्यूगो
विज्ञानकथा आणि फँटसीच्या जगात ह्यूगो पुरस्काराचा मान मोठा. २०१६, २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ तीन वर्षं सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो या त्रयीच्या तीन भागांनी पटकावला. अशी कामगिरी त्याआधी कोणाच्याही नावावर नव्हती. या विभागात ह्यूगो जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती म्हणजेही जेमिसिनच. तिसऱ्या भागाने नेब्युला पुरस्कारही मिळवला. २०२० साली लेखिकेला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

२. स्वप्नात आली आणि डोंगर घेऊन आली
या सगळ्याची सुरुवात एका स्वप्नातून झाली. एक बाई रागाने पेटून लेखिकेकडे चालत येते आहे आणि तिच्या मागे अख्खा डोंगर हवेत तरंगतो आहे, आता फेकते की मग फेकते! जाग आल्यावर जेमिसिन यांना प्रश्न पडला, ही बाई एवढी चिडली कशाने? त्याचं उत्तर द्यायला तीन पुस्तकं लागली.

३. नासाचाही थोडा हात
कथालेखकांना खरं खगोलशास्त्र शिकवणारी 'लाँच पॅड' नावाची कार्यशाळा अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठात भरते. सुरुवातीला तिला नासाचं पाठबळ होतं. जेमिसिन तिथे गेल्या होत्या आणि तिथल्याच चर्चेत या मालिकेचा वैज्ञानिक गाभा त्यांना सापडला. कोणत्या चर्चेत, ते सांगत नाही. सांगितलं तर पहिल्या पुस्तकाच्या अगदी शेवटच्या ओळीची गंमत जाईल.

४. दिवसा समुपदेशन, उरलेल्या वेळात प्रलय
जेमिसिन यांचं शिक्षण मानसशास्त्राचं आणि नोकरी समुपदेशनाची. ती सांभाळूनच त्यांचं लेखन चालू होतं. २०१६ साली त्यांनी पेट्रिऑनवर वाचकांना थेट मदतीची हाक दिली, प्रतिसाद भरभरून आला आणि पूर्णवेळ लिहिण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. मार खाल्लेली मुलं, स्वतःचाच तिरस्कार करायला शिकलेली माणसं, धाकाला प्रेम समजणारे जीव यांची मनं त्यांना इतकी अचूक कळतात, त्यामागे ही वर्षं असणारच.

५. पाचवा ऋतू म्हणजे मरणाचा ऋतू
या जगात अधूनमधून 'पाचवा ऋतू' कोसळतो. त्याची सरकारी व्याख्याही ठरलेली आहे: भूकंप, ज्वालामुखी किंवा तसल्याच मोठ्या उलथापालथीमुळे आलेला, किमान सहा महिने चालणारा हिवाळा. पुस्तकाच्या शेवटी अशा ऋतूंची यादीच दिली आहे. एकात राख इतकी बारीक की ती फुप्फुसांत जाऊन घट्ट होते. दुसऱ्यात पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव सरकतो, परागीभवन करणाऱ्या कीटकांची दिशा चुकते, पिकं बुडतात आणि दुष्काळ पडतो. एका कीटकाची वाट चुकली की माणसाचं ताट रिकामं होतं, हे एवढ्या थोडक्यात पटवणारी दुसरी यादी मला माहीत नाही.

६. मराठी वाचक तर लाव्ह्यावरच राहतो
त्या यादीतला एक ऋतू 'कियाश ट्रॅप्स' नावाच्या ज्वालामुखी प्रदेशातून सुरू होतो. काळ्या खनिजांची धूळ आकाशात उडते आणि दहा वर्षं अंधार पसरतो. 'ट्रॅप्स' म्हटल्यावर आपले कान टवकारलेच पाहिजेत, कारण आपल्या पायाखाली डेक्कन ट्रॅप आहे! सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. आज उरलेला हा प्रदेश सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा आहे. सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे त्याच थरांचे आणि अजिंठा-वेरूळची लेणी कोरली तीही त्याच बेसाल्टमध्ये. डायनोसॉर नामशेष झाले तो काळही साधारण हाच. त्यात या उद्रेकांचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून रंगतो.

आणखी एक धागा आहे. कादंबरीतल्या एकसंध महाखंडाचं नाव आहे 'स्टिलनेस', म्हणजे स्थिरता, आणि तो सतत थरथरत असतो. दख्खनचं पठारही स्थिर मानलं जायचं. मग ११ डिसेंबर १९६७ ला कोयना हादरली आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना या पुस्तकातली भीती कोणी समजावून सांगायला नको.

७. इथल्या शक्तीला उष्णतेचा हिशेब द्यावा लागतो
भूकंप शमवणारी किंवा घडवणारी जन्मजात शक्ती असलेली माणसं म्हणजे ओरोजीन. त्यांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या एका इंद्रियामुळे त्यांना जमिनीच्या पोटातल्या हालचाली जाणवतात. पण ऊर्जा शून्यातून येत नाही. ती जमिनीतून घ्यावी लागते, नाहीतर आसपासच्या हवेतून, झाडांतून आणि जिवंत माणसांतून ओढली जाते. ओरोजीन घाबरला, चिडला की त्याच्याभोवती बर्फाचं वर्तुळ उमटतं आणि त्यात सापडलेला जीव गोठून मरतो. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा शाळेत शिकलेला नियम इथे अंगावर काटा आणतो. लहान मुलाचा राग थंडावायला इथे कोणाला सवड मिळत नाही आणि लोकांची भीती तिथूनच सुरू होते.

८. जादू वेगळीच आहे
या शक्तीला त्या जगात कोणी जादू म्हणत नाही. तिचं रीतसर प्रशिक्षण होतं, परीक्षा होतात. 'जादू' हा शब्द खऱ्या अर्थाने दुसऱ्या पुस्तकात येतो, तोही अगदी निराळ्या गोष्टीसाठी. तोवर विज्ञान कुठे संपतं आणि जादू कुठे सुरू होते, याबद्दलचे आपले सगळे अंदाज हललेले असतात.

९. नावं दगडांची, हुद्दा बोटांवर
राजधानीतल्या 'फुलक्रम' या संस्थेत ओरोजीन मुलांना घडवलं जातं, खरं तर माणसाळवलं जातं. तिथून तयार झालेले ओरोजीन दगड-खनिजांची नावं घेतात: सायनाइट, ॲलाबास्टर, फेल्डस्पार. हुद्दा बोटांतल्या अंगठ्यांवर मोजतात. सायनाइटच्या हातात चार, ॲलाबास्टरच्या हातात पुऱ्या दहा. ॲलाबास्टर हा मऊ, पांढरा, कोरायला सोपा दगड. त्याचं नाव घेतलेला माणूस काळ्या वर्णाचा, साम्राज्यातला सर्वांत बलाढ्य ओरोजीन आणि आतून सर्वांत जास्त कोरला गेलेला.

१०. आडनावाच्या जागी जात
प्रत्येकाच्या नावाचे तीन भाग असतात: स्वतःचं नाव, कामानुसार ठरलेली जात आणि वस्तीचं नाव. मान्यता असलेल्या जाती वीस, त्यातल्या सर्रास चालतात त्या सात. अंगमेहनत करणारे, रोगराईत टिकाव धरणारे, नवं शोधणारे, नेतृत्व करणारे, मुलं जन्माला घालण्यासाठी राखलेले. मुलीला आईची जात मिळते, मुलाला बापाची. कारण काय, तर उपयोगी गुण त्याच वाटेने उतरतात म्हणे! आणि पाचवा ऋतू आला की ज्याचा 'उपयोग' नाही, त्याला वस्तीच्या भिंतीबाहेर काढता येतं.

जन्मावरून काम आणि कामावरून माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था मराठी वाचकाला नवी नाही. इथल्या जातींच्याही खाली ओरोजीन आहेत. जमीन शांत राहते ती त्यांच्या जोरावर, आणि शिवी म्हणून वापरतात तेही त्यांचंच नाव. ज्यांच्या खांद्यांवर जग उभं, त्यांनाच ते माणूस मानायला तयार नाही. मालिकेचा खरा विषय मला हाच वाटतो.

११. शिलालेखही बदलता येतात
संकटात कसं जगावं याचे नियम इथे दगडी पाट्यांवर कोरलेले आहेत आणि मुलं ते पाठ करतात. दगडावरची रेघ म्हणजे कायमची, असा सगळ्यांचा विश्वास. हळूहळू कळतं की काही पाट्या अपुऱ्या आहेत आणि काहींचा मजकूर कोणीतरी सोयीने फिरवला आहे. इतिहास कोण लिहितं, हा प्रश्न इतक्या रंजक रीतीने क्वचितच कोणी विचारला असेल.

१२. दाराशी तयार झोळी, तोंडात 'गंज'
प्रत्येक घरात गरजेच्या वस्तू भरलेली एक झोळी तयार असते. जमीन हलली की ती उचलायची आणि पळायचं. धातूवर लोकांचा भरवसा नाही, कारण तो गंजतो. म्हणून 'गंज' हीच तिथली शिवी. धरणीला ते माता म्हणत नाहीत. त्यांच्या लेखी पृथ्वी हा बाप आहे, माणसावर डूख धरून बसलेला बाप. पिढ्यान्‌पिढ्या भूकंप सोसलेल्या समाजाच्या दंतकथा अशाच घडणार, हे वाचताना पूर्ण पटतं.

१३. गोष्ट चक्क तुम्हाला 'तू' म्हणते
कथेचा मोठा भाग द्वितीय पुरुषी आहे. तू चाललीस, तू थांबलीस, अशी. ही 'तू' म्हणजे एसन, एका खेड्यातली शिक्षिका. आपली शक्ती लपवून तिने संसार थाटला होता. एक दिवस ती घरी येते तर नवऱ्याने धाकट्या मुलाला ठार केलेलं असतं, त्याच्यातही ती शक्ती दिसली म्हणून. नवरा लेकीला घेऊन पसार झालेला असतो. बाहेर जग बुडायला लागलेलं असतं आणि एसन लेकीच्या शोधात निघते. 'तू' म्हणणारा आवाज कोणाचा, याचं उत्तर तिन्ही पुस्तकं वाचली की पुरतं उलगडतं. तिसरा भाग लिहीत असताना जेमिसिन यांच्या स्वतःच्या आईचं निधन झालं. त्या पुस्तकातलं आईपण इतकं खोल का आहे, ते इथे कळतं.

आता वाचायचं कसं?
क्रम मोडू नका. पहिला भाग, मग दुसरा, मग तिसरा, मधूनच उडी नको. सुरुवातीची शंभरेक पानं नवे शब्द आणि तीन वेगळ्या स्त्रियांच्या कहाण्या यांनी गोंधळ उडतो. तो लेखिकेने मुद्दाम मांडलेला आहे, धीर सोडू नका. पुस्तकाच्या शेवटी ऋतूंची यादी आणि शब्दकोश आहे, तिथे बोट ठेवूनच वाचायला बसा. ऐकायची आवड असेल तर रॉबिन माइल्स यांच्या आवाजातलं ऑडिओबुक घ्या. २०२१ साली चित्रपटाचे हक्कही विकले गेले आहेत आणि रूपांतराचं काम जेमिसिन यांनी स्वतःकडे घेतलं आहे. पडद्यावर यायच्या आधी पुस्तकं वाचून काढा. भूकंपाची बातमी वाचताना आपण हानीचा आकडा पाहतो. या तीन पुस्तकांनंतर आणखी एक प्रश्न आपोआप मनात येतो: भिंतीच्या आत कोणाला घेतलं आणि बाहेर कोणाला ठेवलं?