काळ्या रंगाचे तीन हात

क्रोमवर रंग बसत नाही. नाना पेठेत गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्याला विचारा, नाही तर निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत ट्रक रंगवणाऱ्याला, पहिलं वाक्य हेच ऐकू येतं. तरीही पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी चक्कर मारली, तर एखादा तरुण गाडीची चकचकीत जाळी सोडवून वर्तमानपत्रावर मांडून बसलेला दिसतो. शेजारी पाण्याची बादली, पॉलिश पेपर, मास्किंग टेप आणि काळ्या रंगाचा स्प्रे. कंपनीने चमकवून दिलेलं त्याला काळं करायचं असतं. मला या कामाबद्दल फार आदर आहे, कारण ते एकदा बिघडवून मग शिकलोय.

मामाची मांजरीला रोपवाटिका आहे. रोपं आणि भाजीपाला घेऊन पहाटे गुलटेकडीच्या मार्केटयार्डला जाणारी त्याची पिकअप म्हणजे घरातलं माणूसच. मामेभावाच्या मनात आलं, की जाळी, बंपरवरची पट्टी आणि मोनोग्राम काळे करायचे. मामाला ते पटेना. "चकाकतंय ते चकाकू दे की. काळं कशाला फासतोस?" यावर मामी म्हणाली, "संक्रांतीला मी काळी साडी नेसते ती चालते ना तुम्हाला? आणि पोराच्या गालाला तीट लावतो ती कसल्या रंगाची असते?" परवानगी मिळाली.

आम्ही दोघांनी जाळी साबणाने धुतली, पुसली आणि दुकानातून आणलेला मॅट काळा थेट मारला. दोन तासांत काम झालं आणि दिसायलाही झकास झालं. जुलैची झड लागली आणि दहाव्या दिवशी एका कडेला रंग उचलला गेला. मामेभावाने नखाने जरा ओढून पाहिलं, तर भाजलेल्या वांग्याची साल निघावी तसा अख्खा पापुद्रा हातात आला. खाली क्रोम पहिल्यासारखंच लखलखत होतं.

असं का झालं हे कळण्यासाठी क्रोमच्या थराकडे जरा जवळून पाहायला हवं. आपण ज्याला क्रोम म्हणतो त्याचा बराचसा भाग क्रोम नसतोच. लोखंडी बंपर असेल तर त्यावर आधी निकेल, कधी त्याखाली तांबं, आणि अगदी वरून क्रोमियमचा एक अत्यंत पातळ थर. सजावटीच्या कामात हा वरचा थर साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन असतो, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी. झळाळी मुख्यतः खालच्या निकेलची. क्रोमियम त्यावर किंचित निळसर झाक देतं, निकेलला काळवंडू देत नाही आणि ओरखड्यांपासून जपतं. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन क्रोमियमवर डोळ्यांना न दिसणारा एक पापुद्रा तयार होतो आणि तो पुढचं सगळं थोपवतो. गंज येऊ न देणारा हा पापुद्रा रंगालाही जवळ येऊ देत नाही. शिवाय पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत, म्हणजे रंगाला धरायला जागाच नाही. पेंटर म्हणतात, "त्याला धर पाहिजे." सगळी विद्या या 'धर' शब्दात आहे.

ही गोष्ट पुण्याला नवी नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत पिढ्यान्‌पिढ्या तांब्या-पितळेवर काम चाललं आणि दारोदार येणारा कल्हईवाला तर परवापरवापर्यंत प्रत्येकाच्या आठवणीत होता. तो काय करायचा? भांडं आधी चिंच-मिठाने नाही तर वाळूने घासायचा, भट्टीवर तापवायचा आणि त्यात नवसागराची पूड टाकायचा. पांढरा धूर उठायचा, नाकात झोंबायचा. तो धूर म्हणजे धातूवरचा ऑक्साइडचा पापुद्रा निघत असल्याची खूण. मग कथलाची कांडी टेकवून तो कापसाच्या बोळ्याने असा सरसर फिरवायचा, की क्षणात भांडं चांदीसारखं व्हायचं. कथील लावायला लागे अर्धा मिनिट, भांडं तयार करायला लागे त्याच्या कितीतरी पट वेळ. क्रोमवर रंग देण्याचं गणित नेमकं हेच आहे. आम्ही अर्ध्या मिनिटाचं काम तेवढं केलं होतं.

गाड्यांवर क्रोम आलं त्याला अजून शंभर वर्षं पुरी होतात न होतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांनी १९२४ च्या सुमाराला क्रोमियमचा मुलामा व्यवहारात आणण्याजोगा केला आणि त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी मोटारींवरच्या निकेलची जागा क्रोमने घेतली. त्याच दशकात ड्यू पाँट कंपनीने 'ड्यूको' नावाचा झटपट वाळणारा रंग आणला, आणि कंपनीचं ते नाव आपल्याकडे सुतारापासून गॅरेजवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी 'ड्यूको पेंट' म्हणून रुळलं. आपल्याकडे क्रोम म्हणजे श्रीमंती हे समीकरण अँबेसिडरच्या बंपरने आणि जावा मोटरसायकलच्या टाकीने पक्कं केलं. जुनी जावा पुन्हा उभी करणारे पुणेकर आजही टाकीच्या दोन्ही बाजूंच्या क्रोमसाठी जीव टाकतात, आणि ते योग्यच आहे. तिथे काळा रंग मारणं मला अजिबात मान्य नाही.

क्रोमची दुसरी बाजूही सांगायला हवी. मुलामा देण्याच्या हौदात जे गडद तांबडं द्रावण असतं त्यात सहा-संयुजी क्रोमियम असतं. त्याने कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून हे रसायन खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. कमी घातक अशा त्रि-संयुजी क्रोमियमची पद्धत आता जगभर पसरते आहे. गाडीवर बसलेलं क्रोम मात्र शुद्ध धातू असतं, त्याला हात लावायला भ्यायचं कारण नाही. धोका हौदापाशी उभ्या राहणाऱ्या कामगाराला असतो. आपल्या चकचकीत पट्टीमागे कुणाची तरी फुप्फुसं असतात, हे मी त्या हौदाबद्दल वाचल्यापासून विसरू शकलेलो नाही.

आता काळ्याचे दिवस आहेत. पिंपरीच्या ज्या कारखान्याची सुरुवात १९६६ साली टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, केली, तिथेच बनणाऱ्या हॅरियरची 'डार्क एडिशन' टाटांनी ऑगस्ट २०१९ मध्ये आणली. बाहेरचं अंग काळं, चाकं काळी, आतलं सगळं काळं. कारखान्याने कौल दिल्यावर पार्किंगमधल्या पोरांना हुरूप आला नसता तरच नवल.

आमची दुसरी खेप दिवाळीनंतर झाली. या वेळी हडपसरला डेंटिंग-पेंटिंगचं काम करणारे एक वयस्कर पेंटर शेजारी बसले होते. त्यांनी सगळ्यात आधी जाळी सोडवून घ्यायला लावली. गाडीवर असताना रंगवलं तर कडा राहतात, आणि रंग सुटतो तो कडेपासूनच. मग साबण, त्यानंतर थिनरने ओल्या केलेल्या स्वच्छ कापडाने पुसणं, आणि कापड दर वेळी पालटून घेणं. नाही तर तेलकटपणा निघण्याऐवजी पसरतो. नंतर त्यांनी जाळीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाले, "बघा." पाण्याचे थेंब थेंब झाले होते. "अजून तेल आहे." पुन्हा पुसलं, पुन्हा पाणी. तिसऱ्या वेळी पाणी फुटलं नाही, अखंड पडद्यासारखं खाली सरकलं. तेव्हा कुठे त्यांनी ३२० नंबरचा पॉलिश पेपर हातात दिला.

घासायचं पाण्यातच. धूळ उडत नाही, कागद भरत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी आरसा मेला आणि राखाडी धुरकट रंग आला. एका कोपऱ्यात मी जरा जास्त जोर लावला, तर आधी पिवळसर निकेल दिसलं आणि मग तांब्याची लाल रेघ उमटली. आजच्या बहुतेक जाळ्या प्लॅस्टिकच्या असतात, त्यावर तांबं, निकेल, क्रोम असे थर चढवलेले असतात. ते सगळे थर त्या दिवशी एका बोटाच्या रुंदीत पाहायला मिळाले. पेंटरनी डोळे मिटले आणि बोटांची मागची बाजू जाळीवरून फिरवली. "इथे अजून गुळगुळीत आहे," असं म्हणत त्यांनी एक जागा दाखवली. मला तिथे काहीच दिसत नव्हतं. ओली करून उजेडात तिरकी धरली तेव्हा रुपयाएवढा डाग चमकला. हे ज्ञान पुस्तकात नाही, आणि ज्यांच्या बोटांत आहे त्यांना आपण फारच स्वस्तात गृहीत धरतो.

जिथे मुलामा आधीच फुगलाय, पोपडे आलेत, तिथे ते पोपडे पूर्ण काढावे लागतात. मेलेल्या थरावर जिवंत रंग टिकत नाही. मग इपॉक्सी प्रायमर, तो वाळला की ६०० नंबरने हलकं घासणं आणि मग काळा. वीतभर अंतरावरून, वस्तूच्या बाहेर सुरू करून वस्तूच्या बाहेर संपवायचा एकेक फेरा. पहिला हात नुसता धुक्यासारखा, खालचं दिसत राहील इतका. दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा. तिसऱ्यात काळं भरतं. एकाच हातात काळं करायला गेलं की ओघळ येतात. वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. आणि मग आठवडाभर गाडी प्रेशरने धुवायची नाही.

पुण्याच्या हवेचंही यात मत असतं. पावसाळ्यात रंगावर पांढुरकी झाक येते, कारण वाळताना गारव्याने दमटपणा त्यात अडकतो. एप्रिलच्या उन्हात फवारा हवेतच वाळून खरबरीत बसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दव उडाल्यावर सकाळी दहापासून चार वाजेपर्यंत, हा खरा मुहूर्त.

दोन गोष्टी मात्र मनापासून सांगतो. हार्डनर मिसळायचा जो दोन भागांचा क्लिअर मिळतो, त्यात आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि रुमाल किंवा कापडी मास्क त्यापुढे कुचकामी आहे. ते काम घरी करू नका, नीट व्यवस्था असलेल्या पेंटबूथमध्येच द्या. दुसरं, जाळी आणि पट्टी काळी केल्याने आरसीवर लिहिलेला रंग बदलत नाही. पूर्ण गाडीचा रंग बदललात तर मात्र आरटीओत नोंद हवी. काळ्याची हौस दिव्यांवर, नंबरप्लेटवर नेऊ नका. काचांवर काळी फिल्म लावायला तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच मनाई केली आहे. आणि उरलेला थिनर मोरीत ओतू नका, ते पाणी पुढे मुठेलाच मिळतं.

मामाच्या गाडीला आता चौथा पावसाळा आहे. सोलापूर रस्त्यावर एका डंपरमागून उडालेल्या खडीने जाळीवर दोन टवके गेलेत, ज्वारीच्या दाण्याएवढे. त्यांच्या कडेला नख लावून पाहिलं. रंग हलला नाही.